नानांच्या ब्लॉकचा प्रवास : प्रोस्टेट कर्करोगातील जीन फ्यूजन तपासणीचा आमचा अनुभव

१२ डिसेंबर २०२४ रोजी नाशिकमधील कर्करोगतज्ज्ञांनी माझ्या वडिलांच्या केसपेपरवर एक ओळ लिहिली : ‘ट्यूमर एनजीएस, डीएनए आणि आरएनए दोन्ही’, म्हणजे कर्करोगाच्या गाठीतील जनुकांची तपासणी. त्या ओळीचा अर्थ समजून घ्यायला, तपासणी पार पाडायला आणि हाती आलेल्या उत्तराचे काय करायचे हे कळायला आम्हाला साडेतीन महिने लागले. आमच्या ओळखीत ही तपासणी केलेले कोणी नव्हते आणि मराठीत वाचायलाही फारसे काही सापडले नाही. म्हणून जे जसे घडले ते तारखांसह आणि खर्चासह येथे लिहीत आहे.

माझे वडील, म्हणजे नाना, ७४ वर्षांचे आहेत. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि ती आता धाकटा भाऊ पाहतो. नाना आणि आई माझ्याकडे इंदिरानगरला राहतात. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आजाराची सुरुवात नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. लघवीचा त्रास आणि कंबरदुखी अशी दोन्ही दुखणी नानांनी वयावर घालून वर्षभर अंगावर काढली होती. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीच्या आजारात रक्तात वाढणारा घटक) ८६ निघाला, बायॉप्सीत ग्लीसन स्कोअर, म्हणजे कर्करोग किती आक्रमक आहे याचा आकडा, ४+४=८ आला आणि स्कॅनमध्ये ओटीपोटातील लसिका गाठी व कमरेचे दोन मणके यांत आजार पोचल्याचे दिसले. पुरुष संप्रेरक बंद करण्यासाठी दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचे की शस्त्रक्रियेने वृषणे काढायची, असे दोन पर्याय डॉक्टरांनी मांडले. त्या वेळी मी खुर्चीवरून उठू लागले. नानांनी भिंतीकडे पाहत म्हटले, “बस ताई, लिहून तूच घेणार आहेस.” त्यांनी शस्त्रक्रिया निवडली. कारण विचारल्यावर एवढेच म्हणाले की काढणीच्या हंगामात इंजेक्शनची तारीख सांभाळणे जमायचे नाही. डिसेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि पाठोपाठ उरलेसुरले पुरुष संप्रेरकही तयार होऊ न देणारे ॲबिरॅटेरोन सुरू झाले : सकाळी उपाशीपोटी चार गोळ्या, सोबत प्रेडनिसोलोनची एक. जेनेरिक गोळ्यांचा खर्च आम्हाला महिन्याला ७,००० ते ९,००० रुपये पडत असे. या गोळ्या जेवणाबरोबर घेतल्या तर औषध रक्तात फार जास्त प्रमाणात शोषले जाते, म्हणून उपाशीपोटाचा नियम काटेकोर पाळायचा असतो. रक्तदाब, पोटॅशियम आणि यकृताच्या तपासण्याही ठरलेल्या अंतराने करायच्या असतात.

पुढील दीड वर्ष बरे गेले. पीएसए ०.४ पर्यंत उतरला, नाना पुन्हा बागेत जाऊ लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये तो २.१ झाला, ऑक्टोबरमध्ये ६.७ आणि डिसेंबरमध्ये १४.२. नव्या पेट स्कॅनमध्ये मानेच्या मुळाशी, डाव्या हासळीच्या वर, एक गाठ दिसली. संप्रेरक जवळजवळ शून्यावर असूनही आजार वाढत होता. अशा टप्प्यावर पुढचे औषध निवडण्यासाठी कर्करोगाच्या पेशींमधील जनुके तपासावीत, असे डॉक्टरांचे म्हणणे होते.

त्यांनी दोन कारणे सांगितली. पहिले म्हणजे बीआरसीए१, बीआरसीए२ यांसारख्या, डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या जनुकांत बिघाड आढळला तर ओलापॅरिब हे औषध उपयोगी पडू शकते. प्रोस्टेटच्या अशा रुग्णांसाठी अमेरिकेत त्याला मे २०२० मध्ये मान्यता मिळाली. दुसरे कारण होते जीन फ्यूजन. दोन वेगळी जनुके तुटून एकमेकांना जोडली जातात आणि पेशीला भलताच हुकूम देऊ लागतात, त्याला फ्यूजन म्हणतात. काही फ्यूजनवर नेमकी औषधे आहेत. डीएनएच्या तपासणीत जोडाची जागा निसटू शकते. तयार झालेला जोडसंदेश आरएनएमध्ये, म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या प्रतीत, सरळ वाचता येतो, म्हणून दोन्ही तपासण्या लिहिल्या होत्या.

उत्तर येईपर्यंत उपचाराविना थांबणे सुरक्षित आहे का, हा प्रश्न मी तेथेच विचारला आणि प्रत्येकाने तो विचारावा असे मला वाटते. ॲबिरॅटेरोन चालू राहील, दर महिन्याला पीएसए पाहू आणि वेदना वाढल्या किंवा मार्च संपला तर अहवालाची वाट न पाहता केमोथेरपी सुरू करू, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ही मुदत ठरलेली असल्यामुळे पुढील विलंबांत आम्ही निदान घाबरून भलते निर्णय घेतले नाहीत.

तपासणीसाठी नव्याने काही काढण्याची तेव्हा गरज नव्हती. २०२२ च्या बायॉप्सीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत जपलेले असतात, त्यांनाच ब्लॉक म्हणतात. ते ज्या रुग्णालयात बायॉप्सी झाली तेथेच राहतात आणि मागितल्याशिवाय कोणी देत नाही, हे आम्हाला माहीत नव्हते. १६ डिसेंबरला मी तेथे गेले. रुग्णाच्या सहीचा अर्ज, आधारची प्रत, मला दिलेले अधिकारपत्र, मूळ बायॉप्सी अहवाल आणि तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी एवढे कागद लागले. अधिकारपत्र मी नेले नव्हते, त्यामुळे एक फेरी वाया गेली. ५०० रुपये शुल्क आणि अनामत भरल्यावर, जुने ब्लॉक दुसऱ्या इमारतीत असल्यामुळे आठ दिवसांनी या, असे सांगण्यात आले. २६ डिसेंबरला जो ब्लॉक हाती दिला त्यावर ‘ए’ लिहिले होते.

येथे सवयीने एक गोष्ट केली आणि ती उपयोगी पडली. पावतीवर सही करण्यापूर्वी मी मूळ अहवाल पुन्हा वाचला. नानांच्या बारा तुकड्यांचे ‘ए’ ते ‘एफ’ असे सहा ब्लॉक केलेले होते. ‘ए’ मध्ये कर्करोग जेमतेम ५ टक्के जागेत होता, तर ‘डी’ मध्ये ८० टक्के. जनुकीय तपासणीला ब्लॉकमध्ये पुरेशा कर्करोगपेशी लागतात. त्या कमी असल्या तर निरोगी पेशींच्या गर्दीत बिघाड दिसतच नाही. मी पॅथॉलॉजी विभागातील डॉक्टरांना भेटण्याची विनंती केली. त्यांनी स्लाईड पुन्हा पाहून ‘डी’ ब्लॉक काढून दिला, वर नेमका भाग पेनाने खुणावला आणि उरलेले मेण परत मागवून घ्या, असेही बजावले. त्यांची ती दहा मिनिटे आम्हाला फार मोलाची ठरली.

ब्लॉक परराज्यातील एका प्रयोगशाळेत जाणार होता. तिचा प्रतिनिधी ३० डिसेंबरला घरी आला. संमतिपत्रावर नानांच्या सह्या घेतल्या आणि ५२,००० रुपये भरून घेतले. तीन आठवड्यांत अहवाल मिळेल असे सांगितले. उन्हाळ्यात ब्लॉक पाठवत असाल तर मेणाचे तुकडे उन्हात तापणाऱ्या गाडीत पडून राहणार नाहीत, एवढे पाहा. आमचा डिसेंबर होता, ती काळजी नव्हती.

१३ जानेवारीला ईमेल आली. डीएनए व्यवस्थित मिळाला होता, पण आरएनए तुकडे तुकडे झालेला असल्याने फ्यूजनचा भाग वाचता येणार नव्हता. आरएनए मुळातच नाजूक असतो. फॉर्मेलिनमध्ये मुरवताना तो तुटतो आणि ब्लॉक जुना होत जातो तसा आणखी तुटतो. आमचा ब्लॉक दोन वर्षांचा होता. यात कोणाची चूक नव्हती, परंतु पैसे भरण्यापूर्वी ‘आरएनए निघाला नाही तर काय’ हा प्रश्न मी विचारला नव्हता, याचे मला वाईट वाटले. तुम्ही तो विचारा आणि परतावा किंवा सवलत मिळणार असेल तर लेखी घ्या.

२४ जानेवारीला डीएनएचा अहवाल आला. बीआरसीए१, बीआरसीए२, एटीएम या जनुकांत बिघाड नव्हता, म्हणजे ओलापॅरिबचा रस्ता बंद झाला. पीटेन नावाचे, पेशींच्या वाढीला लगाम घालणारे जनुक गळालेले होते. फ्यूजनच्या रकान्यात ‘मूल्यमापन करता आले नाही’ असे होते. त्या संध्याकाळी आई देवघरात दिवा लावत होती. तिने विचारले, “चांगलं आलं का वाईट?” आणि मला उत्तर देता आले नाही.

आता प्रश्न होता तो नव्याने बायॉप्सी करायची की नाही. केवळ फ्यूजन शोधण्यासाठी ७४ वर्षांच्या माणसाला पुन्हा सुई टोचावी, हे मला पटत नव्हते. डॉक्टरांनी आणखी दोन कारणे पुढे ठेवली. दीर्घ संप्रेरकउपचारानंतर प्रोस्टेटचा कर्करोग काही रुग्णांत रूप बदलतो आणि मग केमोथेरपीही वेगळी लागते. शिवाय नाना तरुणपणी तंबाखू खात. मानेच्या मुळाशी आलेली गाठ फुप्फुसाच्या किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगाचीही असू शकते. ती कुठून आली हे गृहीत धरून चालणे त्यांना योग्य वाटत नव्हते. गाठ मऊ भागात होती, हेही आमच्या पथ्यावर पडले. हाडाचा तुकडा कापता यावा म्हणून तो आम्लात मुरवतात आणि त्यात डीएनए व आरएनए दोन्ही खराब होतात. बायॉप्सी हाडातूनच करावी लागणार असेल तर जनुकीय तपासणी करायची आहे हे आधीच सांगा, म्हणजे ईडीटीए वापरून सौम्य प्रक्रिया करता येते.

१८ फेब्रुवारी २०२५ रोजी सोनोग्राफीत पाहत, जागा बधिर करून, जाड सुईने चार तुकडे काढले. ॲस्पिरिन डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी थांबवले होते. एकूण ९,५०० रुपये खर्च आला आणि दुपारी आम्ही घरी होतो. काढणीचे दिवस होते. भाऊ पहाटेच मजुरांना कामावर लावून आला होता आणि प्रतीक्षागृहात बसून फोनवर व्यापाऱ्याशी द्राक्षांच्या दराबद्दल बोलत होता. नानांनी बधिर झालेल्या मानेनेच त्याला खुणेने विचारले, किती? भाऊ म्हणाला, “नाना, आधी पाणी प्या.”

चार दिवसांनी पॅथॉलॉजीचा अहवाल आला. कर्करोगाने रूप बदललेले नव्हते. नवा ब्लॉक २५ फेब्रुवारीला त्याच प्रयोगशाळेकडे गेला. पहिल्या वेळचा आरएनए निघाला नव्हता, या मुद्द्यावर विनंती केल्यावर केवळ आरएनए तपासणीचे शुल्क घेऊन १८,००० रुपयांत काम झाले. मधल्या काळात पीएसए २६ झाला होता आणि मार्चअखेर जवळ येत होती. त्या आठवड्यांत मी दिवसातून किती वेळा ईमेल उघडत होते, ते मोजले नाही.

१९ मार्चला रंगपंचमी होती. जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंग खेळायचे हौद, उघडल्या होत्या आणि मुले रंगाने माखून घरी परतत होती. दुपारी तीनच्या सुमारास अहवाल आला. पहिल्याच पानावर जाड अक्षरांत ‘फ्यूजन आढळले’ असे होते आणि खाली नाव : टीएमपीआरएसएस२-ईआरजी. पहिल्या जनुकाचा पहिला एक्झॉन (जनुकाचा एक तुकडा) दुसऱ्याच्या चौथ्या एक्झॉनला जोडला गेला होता. माझी फार्मसी शिकणारी पुतणी ते नाव वाचून दचकली, कारण करोनाचा विषाणू पेशीत शिरताना ज्या विकराची (एन्झाइमची) मदत घेतो ते टीएमपीआरएसएस२ तिने अभ्यासले होते. जनुक तेच आहे. पण नानांच्या आजाराचा आणि करोनाचा त्यावरून काही संबंध जोडू नये.

त्या रात्री मी फार आशेने वाचत बसले. फ्यूजनवर औषध म्हटले की जे पहिले उदाहरण समोर येते ते रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगाचे आहे, सीएमएलचे. १९६० मध्ये फिलाडेल्फियात त्या रुग्णांच्या पेशींत एक लहानसे विचित्र गुणसूत्र दिसले. पुढे कळले की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे फ्यूजन तयार होते. त्याला नेमके रोखणारी इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये मान्य झाली आणि जो आजार जीव घेत असे तो रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षे काबूत राहू लागला. फुप्फुसाच्या कर्करोगात एएलके फ्यूजनवर क्रिझोटिनिब आले. एनटीआरके फ्यूजन कोणत्याही अवयवातील गाठीत असो, त्यावर लॅरोट्रेक्टिनिबला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. नानांचे फ्यूजन तर प्रोस्टेट कर्करोगात सर्वांत जास्त आढळणारे. २००५ मध्ये मिशिगन विद्यापीठातील अरुल चिन्नय्या आणि स्कॉट टॉमलिन्स यांच्या गटाने ते शोधले आणि पाश्चात्त्य देशांतील रुग्णांत ते साधारण निम्म्यांमध्ये असते, असे मी वाचले. शोधाला वीस वर्षे होत आली, रुग्ण एवढे, म्हणजे औषध असणारच, असा माझा तर्क होता. पहाटे दोन वाजता मी भावाला संदेश पाठवला : ‘सापडलं. यावर नेमकं औषध असेल.’ तो संदेश पाठवायला नको होता.

२४ मार्चला, सोमवारी, डॉक्टरांनी आम्हा तिघांना अर्धा तास दिला. त्यांनी कागदावर दोन चित्रे काढली. बीसीआर-एबीएलमधून जे प्रथिन तयार होते ते एक विकर आहे. त्याला खोबण असते आणि त्या खोबणीत औषधाचा रेणू बसला की काम थांबते. एएलके, एनटीआरके, आरईटी आणि बीआरएएफ यांची फ्यूजनही अशाच जातीची आहेत. प्रोस्टेटमध्ये ती क्वचित आढळतात. बीआरएएफच्या कुळातील फ्यूजन शंभरात एखाद-दोघांत. नानांच्या अहवालात त्या सर्वांसमोर ‘आढळले नाही’ असे होते आणि औषधाच्या दृष्टीने महत्त्वाच्या ओळी त्याच होत्या. मी मात्र जाड अक्षरेच पाहत बसले होते.

ईआरजीचे प्रथिन विकर नाही. ते डीएनएवर बसून इतर जनुकांना चालू-बंद करते. त्याच्या पृष्ठभागावर औषध धरून राहील अशी सोयीची खोबण नाही. शिवाय ते रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरात निरोगी माणसातही काम करत असते, त्यामुळे सरसकट बंद केले तर इजा व्हायची. टीएमपीआरएसएस२ कडून या जोडात येतो तो केवळ पुढचा खटका, आणि तो खटका पुरुष संप्रेरकाने दाबला जातो. प्रोस्टेटच्या पेशीत हे संप्रेरक भरपूर असते. त्या खटक्याला ईआरजी जोडले गेले की जे जनुक तेथे शांत असायला हवे ते सतत चालू राहते. दोन्ही जनुके एकविसाव्या गुणसूत्रावर सुमारे ३० लाख अक्षरांच्या अंतरावर आहेत, आणि बहुतेकदा मधला तुकडा गळून ती एकमेकांना जोडली जातात.

नाना एवढा वेळ गप्प होते. त्यांनी डॉक्टरांचा कागद आपल्याकडे ओढून घेतला. “डॉगरिजच्या खुंटावर आपण थॉमसनची काडी भरतो,” ते म्हणाले, “मूळ पाणी ओढतंय एकाचं आणि घड लागतोय दुसऱ्याचा. तसंच ना?” डॉक्टर हसले नाहीत. तसेच आहे, असे म्हणाले. फरक एवढाच की कलमात खुंट आणि काडी आपापले राहतात, येथे गुणसूत्रच तुटून नवे जोडले गेले आहे, आणि हे कलम कोणी केलेले नाही. मग नानांनी विचारले, “म्हणजे दोन वर्षं आपण पाणी तोडलं होतं?” मला वाटते, त्या अर्ध्या तासातील सर्वांत नेमका प्रश्न हाच होता. शस्त्रक्रिया आणि ॲबिरॅटेरोन यांनी संप्रेरक तोडले, खटका दाबला जाईना आणि त्याबरोबर ईआरजीही मंदावले. या अर्थाने नानांचा उपचार पहिल्या दिवसापासून त्या फ्यूजनवरच, पण मुळाच्या बाजूने चालला होता. पुढे कर्करोगाच्या पेशी थोड्याशा संप्रेरकावर भागवायला, कधी स्वतःच ते तयार करायला शिकतात. मग खटका पुन्हा दाबला जातो आणि ईआरजी परत येते.

थेट ईआरजीवर औषध शोधण्याचे प्रयत्न झालेले आहेत, हेही त्यांनी सांगितले. २०११ मध्ये ईआरजी आणि ओलापॅरिब ज्याला रोखते ते पार्प१ हे विकर एकमेकांशी संधान बांधतात असे दिसले. त्यावरून मोठी आशा निर्माण झाली की ओलापॅरिबच्या कुळातील औषधे फ्यूजन असलेल्यांना उपयोगी ठरतील. मग ॲबिरॅटेरोन एकटे आणि ॲबिरॅटेरोनसोबत त्याच कुळातील वेलिपॅरिब अशी रुग्णांवर तुलना झाली. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : फ्यूजन आहे की नाही यावरून कोणाला फायदा होईल हे सांगता आले नाही. मी रात्री वाचलेल्या लेखांपैकी दोन २०११ नंतर लगेचचे होते, त्यांत पुढची ही गोष्ट नव्हती. इंटरनेटवर वैद्यकीय लेख वाचताना प्रसिद्धीचे वर्ष आधी पाहा. मिशिगनच्याच गटाने २०१७ मध्ये ईआरजीला चिकटून त्याचा नाश घडवणारे छोटे पेप्टाइड तयार केल्याचे प्रसिद्ध केले. ते काम प्रयोगशाळेतील पेशींवर आणि उंदरांवर झालेले होते. दुकानात मिळणारे, नानांना देता येईल असे औषध आज नाही, हे डॉक्टरांनी कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले. फ्यूजन असणे म्हणजे आजार अधिक घातक असे समजू नका, त्यावरून ते उपचार ठरवत नाहीत, असेही म्हणाले.

बाहेर येऊन आम्ही गंगापूर रोडवर गाडी थांबवली. भाऊ काही बोलत नव्हता. माझा पहाटेचा संदेश त्याने बायकोला, मामांना, सर्वांना सांगितला होता. ७०,००० रुपये तपासण्यांचे आणि ९,५०० रुपये बायॉप्सीचे. मग हे कशासाठी केले, हा प्रश्न त्याने विचारला नाही तरी तो गाडीत होता. नंतर शांतपणे विचार केल्यावर मला उत्तर मिळाले ते असे. टीएमपीआरएसएस२-ईआरजी हा जोड जवळजवळ केवळ प्रोस्टेटच्या कर्करोगातच आढळतो. मानेच्या गाठीत तो सापडला, म्हणजे ती गाठ प्रोस्टेटचीच होती. फुप्फुसाच्या शंकेने पुढे ज्या तपासण्या झाल्या असत्या त्या टळल्या आणि केमोथेरपी कोणती द्यायची याबद्दल संशय राहिला नाही. ओलापॅरिबचा महागडा प्रयोगही टळला. आम्ही औषध शोधायला निघालो होतो आणि आम्हाला खात्री मिळाली. ती खात्री आमच्यासाठी एवढ्या पैशांची होती का, याचे उत्तर प्रत्येक घरात वेगळे येईल. पैशांची ओढाताण असेल तर ‘या अहवालाने उपचार बदलण्याची शक्यता किती’ असे डॉक्टरांना सरळ विचारावे, त्यात संकोच करू नये. केवळ ईआरजी पाहायचे असेल तर त्यासाठी एवढी मोठी तपासणी लागत नाही, स्लाईडवरील साध्या रंजनपद्धतीतही ते कळू शकते, हे मला नंतर समजले.

भावाचा आणखी एक प्रश्न होता आणि तो त्याने मला फोनवर, फार उशिरा विचारला : हे आपल्यात आले असेल का? हे फ्यूजन जन्मतः नसते. ते प्रोस्टेटच्या एखाद्या पेशीत आयुष्याच्या ओघात घडते आणि मुलांकडे जात नाही. बीआरसीएचे तसे नाही. तो बिघाड ट्यूमरमध्ये आढळला तर तो वंशातून आला आहे का हे रक्तावर वेगळे तपासावे लागते, आणि मग मुलींनाही त्याची माहिती हवी. आमच्याकडे तो नव्हता. तरीही वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्या पुरुषाला धोका साधारण दुप्पट असतो, म्हणून ४५ वर्षांच्या भावाने पीएसए करून घेतला. तो सामान्य आला.

विम्याचे थोडक्यात सांगते. आमच्या पॉलिसीत रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या ३० दिवसांतील आणि नंतरच्या ६० दिवसांतील तपासण्यांचाच खर्च मिळतो. डिसेंबरची तपासणी त्यात बसली नाही. नव्या बायॉप्सीची डे-केअर नोंद झाली होती, त्यामुळे तिच्याशी जोडून दुसऱ्या तपासणीचे १८,००० रुपये दोन वेळा पत्रव्यवहार केल्यावर मिळाले. पत्रासोबत डॉक्टरांचे ‘उपचार ठरवण्यासाठी आवश्यक’ असे लेखी प्रमाणपत्र जोडले, ते दुसऱ्या वेळी उपयोगी पडले. कंपनीने नाकारले किंवा महिनाभर उत्तर दिले नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, ती वर्षाच्या आत करावी.

३ एप्रिलला डोसेटॅक्सेल या केमोथेरपीची पहिली मात्रा झाली आणि दर २१ दिवसांनी एक अशा सहा मात्रा १७ जुलैपर्यंत पूर्ण झाल्या. प्रत्येकीचा खर्च १६,००० रुपयांच्या आसपास आला. तिसऱ्या मात्रेनंतर पांढऱ्या पेशी घसरून ताप आला, तीन दिवस दाखल व्हावे लागले. केमोनंतर घरात थर्मामीटर हाताशी ठेवा आणि ताप १००.४ अंशांवर गेला तर सकाळची वाट पाहू नका. नखे काळवंडली, तोंडाची चव गेली, एप्रिलची खरड छाटणी नानांनी प्रथमच पाहिली नाही. भाऊ रोज संध्याकाळी व्हिडिओ पाठवत असे आणि नाना तो थांबवून थांबवून पाहत. सहाव्या मात्रेनंतर पीएसए ५.८ होता आणि मानेची गाठ बोटाला लागत नव्हती. पुढे आजार वाढला तर ल्युटेशियम या किरणोत्सारी औषधाचा उपचार आहे, त्याचा विचार तेव्हा करू असे ठरले आहे.

जुलैच्या शेवटी मी प्रयोगशाळेला उरलेले ब्लॉक परत पाठवण्याची विनंती केली. त्यासाठी तीन ईमेल आणि एक फोन करावा लागला. ११ ऑगस्टला दोन्ही ब्लॉक कुरिअरने आले. ‘डी’ मधील तुकडा आता केसाएवढा उरला आहे. मानेच्या गाठीचा मात्र निम्म्याहून अधिक शिल्लक आहे. दोन्ही मी त्या त्या रुग्णालयात जमा केले, कारण तेथे ते घरापेक्षा नीट राहतात. त्यांचे क्रमांक, जमा केल्याची तारीख आणि पावत्या नानांच्या फाईलच्या पहिल्या पानावर लावल्या आहेत. उद्या ईआरजीवर औषध आले आणि पुन्हा तपासायची वेळ आली, तर ब्लॉक कुठे आहे हे शोधत बसावे लागू नये.